शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा: मदतीला नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे सात महिने एक कापडी पिशवी होती. वरच्या मजल्यावरची मुलगी, लग्नाला चार वर्षं झालेली, एका दुपारी ती घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, ही तुमच्याकडे ठेवाल? आत काय आहे ते विचारू नका." मी विचारलं नाही. काही दिवसांनी तिनेच उघडून दाखवली. आधार कार्डाची आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, मुलाच्या जन्माचा दाखला, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, मुलाच्या कपड्यांचे दोन जोड, रुमालात गुंडाळलेले सहाशे रुपये आणि चिठ्ठीवर भावाचा नंबर.

तोपर्यंत मला वाटायचं की घरात मार खाणाऱ्या बाईला मदत करायची म्हणजे मध्ये पडायचं आणि नवऱ्याला चार शब्द सुनवायचे. दहाएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घराबाबत मी नेमकं तेच केलं होतं. त्या बाईने विश्वासाने मला सांगितलं आणि मी रागाच्या भरात तिच्या नवऱ्याला जिन्यात गाठलं. "वहिनींच्या अंगावर पुन्हा हात टाकलात तर बघा," असं म्हणाले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या, ती माझ्याशी बोलेनाशी झाली आणि महिनाभरात त्यांनी जागा बदलली. ती कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. तिच्याकडे असलेला एकमेव आधार मी माझ्या हाताने तोडला, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी वकील नाही, समुपदेशकही नाही. त्या दोन घरांनी आणि नंतरच्या काही वर्षांच्या धावपळीने जे शिकवलं ते पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिली पायरी: काय चाललंय ते ओळखा

मारहाण हा हिंसेचा एकच प्रकार. आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार येतात. पगार हातात आला की काढून घेणं, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं, बाहेरून कडी लावून जाणं, माहेरी फोन करू न देणं, मुलगा झाला नाही म्हणून रोज टोमणे मारणं, "मुलांना तुझ्यापासून तोडीन" अशी धमकी देणं, हे सगळं कायद्याच्या नजरेत हिंसाच आहे. सोसणारी फक्त बायकोच असते असंही नाही. घरातली आई, बहीण, विधवा सून, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार, या सगळ्यांना हा कायदा लागू होतो. म्हाताऱ्या आईला मुलगा मारतो, अशी घरं मला वाटली होती त्याहून जास्त निघाली.

खुणा कुठल्या? भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे. नवऱ्याचा फोन आला की चेहऱ्याचा रंग उडणं. भिशीला, हळदीकुंकवाला येणं हळूहळू बंद होणं. प्रत्येक साध्या गोष्टीला "त्यांना विचारून सांगते". मुलं मोठ्या आवाजाने दचकणं. यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे आणि तुम्ही तपास करायला निघालेला नाही आहात. फक्त लक्ष असू द्या.

ती आपणहून सांगेल म्हणून वाट पाहू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, पण कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे चारांतल्या तिघी गप्पच होत्या.

दुसरी पायरी: पहिलं बोलणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

ती एकटी असताना बोला. घरात कुणी नाही असं वाटलं तरी तिच्या घरात नको. गच्चीवर कपडे वाळत घालताना, मुलांना शाळेतून आणताना, दवाखान्याच्या रांगेत बोला. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच लिहू नका, तिचा फोन दुसरंच कुणी बघत असण्याची शक्यता बरीच असते. थेट "तो तुला मारतो का?" असं विचारलं की उत्तर बहुधा "नाही" येतं. मी असं म्हणते: "परवा रात्री आवाज ऐकला. मला तुझी काळजी वाटली. तू ठीक आहेस ना?"

ती म्हणेल, "काही नाही काकू, बाथरूममध्ये पाय घसरला." तिला खोटं पाडू नका. "बरं. पण कधीही काही लागलं तर माझं दार वाजव, रात्री दोन वाजतासुद्धा," एवढं म्हणा आणि विषय सोडा. हे वाक्य तिच्या मनात राहतं. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीला मी असं म्हणाले होते आणि ती पिशवी घेऊन आली त्यानंतर पाच महिन्यांनी.

ती बोलायला लागली की ऐका. मध्ये आपल्या मावशीची गोष्ट घालू नका. "तू काय बोललीस म्हणून तो चिडला?" हा प्रश्न कायमचा विसरा, कारण त्यात दोष तिच्यावर जातो. "मुलांकडे बघून सहन कर", "सगळ्यांच्याच घरी असतं", "तो प्यायला की असा वागतो, एरवी चांगला आहे" हेही नको. दारूचं म्हणाल तर तोच माणूस पिऊन साहेबाच्या कानाखाली मारत नाही, पोलिसावर हात उचलत नाही. घरी येऊन बायकोलाच मारतो. कुणाला मारायचं हे त्याला प्यायल्यावरही बरोबर कळतं.

आणि सगळ्यात अवघड वाक्य: "सोडून का देत नाहीस त्याला?" आपल्याला ते साधं वाटतं. तिच्यासमोर मुलं, पैसा, माहेरची परिस्थिती, नातेवाईक, भीती असं सगळं एकदम उभं राहतं. शिवाय घर सोडण्याची वेळ आणि त्यानंतरचे काही आठवडे हाच बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा काळ असतो, कारण तेव्हा ताबा सुटत चालल्याचं त्याच्या लक्षात येतं. घाई करायची की थांबायचं हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. यात तुझी चूक नाही. तुला काय करावंसं वाटतं?" पहिल्या दिवशी एवढी तीन वाक्यं पुरतात.

तिसरी पायरी: आवाज सुरू असताना

बेल वाजवा. २००८ साली ब्रेकथ्रू या संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम सुरू केली तेव्हा जाहिरातींतून हेच दाखवलं होतं: शेजारी बेल वाजवतो आणि काहीतरी क्षुल्लक मागतो. "जरा लाइट आहे का बघता?", "आमच्याकडे पाणी येत नाहीये, तुमच्याकडे येतंय का?" भांडणाचा विषयही काढायचा नाही. हात थांबतो आणि कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं जा. उंबरठा ओलांडू नका, अंगावर धावू नका.

काही वेळा बेलही वाजवू नये, थेट ११२, म्हणजे पोलिसांचा आपत्कालीन नंबर, लावावा. त्याच्या हातात हत्यार असेल, रॉकेल-पेट्रोल ओतण्याची भाषा असेल, ती गर्भार असेल, आवाज एकदम थांबला असेल किंवा त्याने कधी तिचा गळा आवळल्याचं तुम्हाला माहीत असेल, तर थांबू नका. गळा आवळण्याबद्दल विशेष सांगते. ज्या स्त्रीचा जोडीदाराने एकदा गळा दाबला आहे तिच्या जिवाला पुढे असलेला धोका कित्येक पटींनी वाढतो. वरून खूण दिसली नाही तरी आत सूज येऊ शकते, काही तासांनी श्वास अडकू शकतो. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके दिसत असतील, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

फोनवर इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण आणि "एका बाईला मारहाण चालू आहे, घरात लहान मूल आहे" एवढं स्पष्ट सांगा. फोन कुणी केला हे त्या घरात कळू देऊ नका, अशी विनंती पोलिसांना करता येते. ती जरूर करा.

चौथी पायरी: वही

जुन्या शाळेच्या वहीचं मागचं पान चालेल. तारीख, वेळ, काय ऐकलं, काय पाहिलं, सोबत कोण होतं. "भांडण झालं" असं नको. "रात्री ११.२० ला भांडं आपटल्याचा आवाज, मग ती 'नका मारू' म्हणाली, दहा मिनिटांनी शांत" असं लिहा. आपला अंदाज लिहू नका. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर घराबाहेरच्या माणसाने वेळच्या वेळी केलेल्या नोंदी तिच्या शब्दाला आधार देतात. व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं मात्र गुन्ह्याइतकंच वाईट आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याने तिची अब्रू चव्हाट्यावर येते आणि मार वाढतो.

पाचवी पायरी: पिशवी आणि खूण

निघायचं की नाही हे ठरलं नसलं तरी तयारी करून ठेवता येते. कागदपत्रांच्या प्रती ठेवा. मूळ कागद हलवले तर घरात लक्षात येतं, म्हणून प्रतीच बऱ्या. थोडे पैसे, औषधं, मुलांचे कपडे, जास्तीची किल्ली. दोन-तीन नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, कारण फोन हिसकावला जाणार हे धरूनच चालायचं. मग एक खूण ठरवा. आमची खूण होती गॅलरीत उलटा टांगलेला लाल टॉवेल: दिसला की मी बेल वाजवायची. आणि सुखरूप पोचली की दोन मिस्ड कॉल. मुलांनाही समजेल अशा भाषेत सांगा की आवाज सुरू झाला की मध्ये पडायचं नाही, काकूंकडे पळत यायचं.

सहावी पायरी: कायद्याचं दार कुठे आहे

लोक विचारतात, "आम्ही तिऱ्हाईत, आम्हाला तक्रार करायचा काय हक्क?" हक्क आहे. २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला ज्याच्याकडे कारण आहे तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकतो. ती माहिती सद्भावनेने दिलेली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे बसतात याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करा.

इथे एक बारकावा आहे. नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा, पूर्वीचं ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, नोंदवायचा तर तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. शेजाऱ्याच्या तक्रारीवर या कलमाचा गुन्हा पोलीस आपोआप नोंदवत नाहीत. म्हणून शेजाऱ्यासाठी खरं दार संरक्षण अधिकाऱ्याचं. जिवावर बेतलं असेल तर ११२ आहेच.

पण ती सज्ञान आहे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिला विचारल्याशिवाय कुठेही माहिती देऊ नका. तिच्या मागून केलेली तक्रार आपल्याला समाधान देते आणि त्याचा मार तिला खावा लागतो. घरातल्या मुलावर अत्याचार होत असेल तर मात्र थांबायचं नाही. त्यासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

ती तयार असेल तर तिला या गोष्टी सांगा. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात, त्याला तिथे डीआयआर म्हणतात. त्यावरून दंडाधिकाऱ्याकडे अर्ज जातो. त्याची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती खचणार नाही. निकालापर्यंत अंतरिम आदेश मागता येतो. नवऱ्याने मारू नये, जवळ येऊ नये, खर्च द्यावा, मुलांचा तात्पुरता ताबा तिच्याकडे असावा, असे आदेश मिळू शकतात. "घर त्याच्या नावावर आहे, कुठे जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर कलम १७ मध्ये आहे. एकत्र राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क मालकी कुणाची यावर अवलंबून नाही. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी त्यात राहण्याचा हक्क ती मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वकिलाच्या फीची भीती घालवा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी नंबर १५१००. महिला हेल्पलाइन १८१. निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळावं म्हणून २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटरं सुरू झाली, त्यांचा पत्ता १८१ वर विचारा.

सोबत जा. पोलीस ठाण्यात एकट्या बाईला "घरचा मामला आहे, समजुतीने घ्या" म्हणून परत पाठवणं सोपं असतं. शेजारी शांतपणे वही घेऊन बसलेलं माणूस असलं की अवघड होतं. तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली तर तिची प्रत मागून घ्या. दवाखान्यात जखमा कशाने झाल्या ते तिने डॉक्टरांना खरं सांगावं आणि कागदावर तसंच लिहून घ्यावं. "पडले" असं लिहिलेला कागद पुढे तिच्याच विरुद्ध जातो.

सातवी पायरी: समेट घडवायला बसू नका

मंडळ, भावकी, सोसायटीचे ज्येष्ठ, सगळ्यांना बैठक घ्यायची हौस असते. दोघांना समोरासमोर बसवतात, "दोघांनीही थोडं समजून घ्या" म्हणतात, चहा होतो, सगळे घरी जातात. मार खाणारी आणि मारणारा एका पारड्यात बसतात आणि त्याच्यासमोर ती जे खरं बोलली त्याचा हिशेब रात्री होतो. मी अशा बैठकांना जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका, असं आग्रहाने सांगते.

त्याच्याशी बोलायचं असेल तर ते त्याच्या मित्राने, थोरल्या भावाने, त्याला ज्याचा मान वाटतो अशा माणसाने. तेही तिची परवानगी घेऊन आणि तिने काही सांगितल्याचा उल्लेख न करता. पुरुषांना मी एकच काम सांगते. बायकोला मारण्यावर कुणी विनोद केला तर हसू नका. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४४ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के स्त्रियांनी एखाद्या तरी कारणासाठी बायकोला मारणं योग्य मानलं होतं. हा आकडा कट्ट्यावरच्या गप्पांमध्ये तयार होतो, तर तो खालीही तिथेच आणायला हवा.

बाकी वस्तीत करण्यासारखं पुष्कळ आहे. १८१ आणि ११२ चे कागद पुरुषांची नजर जाणार नाही तिथे, म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहात, शिवणवर्गात, अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर लावा. आशाताई आणि अंगणवाडीताईंशी ओळख ठेवा, घराच्या आतपर्यंत त्या जातात. गावात असाल तर ग्रामसभेत विषय मांडा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याची दखल घेतली गेली. ग्रामसभा मनावर घेते तेव्हा घराच्या आतल्या गोष्टीवरही बोलता येतं.

ती परत गेली तर

जाईल. एकदा नाही, दोन-तीनदा. तुम्ही रात्र जागवलेली असेल, सुट्टी काढलेली असेल, आणि ती "त्यांनी माफी मागितली" म्हणून सामान उचलेल. राग येतो, मलाही आला होता. त्या क्षणी "आता माझ्याकडे येऊ नकोस" एवढंच काय ते बोलायचं नाही. पिशवी जिथे आहे तिथेच राहू द्या.

वरच्या मजल्यावरची मुलगी दोनदा परत गेली. तिसऱ्या वेळी, एका मंगळवारी, नवरा कामावर गेल्यावर अकरा वाजता तिने बेल वाजवली. कडेवर मूल, पायात घरातल्या चपला. "काकू, पिशवी द्या." मागच्या फाटकाशी भाऊ रिक्षा घेऊन उभा होता. मी मधल्या काळात पिशवीत आणखी पाचशे रुपये टाकून ठेवले होते. संध्याकाळी साडेचारला दोन मिस्ड कॉल आले. रात्री नऊला तिचा नवरा माझ्या दारात आला, मी साखळी न काढता "मला काही माहीत नाही" म्हणाले आणि दार लावलं. हात थरथरत होते. त्या रात्री समोरच्या घरातले दोघं माझ्याकडे झोपायला आले, ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा.

दोन दिवसांनी संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बाईंनी फॉर्म पुढे ओढून विचारलं, "पहिल्यांदा केव्हा झालं, तारीख आठवते?" तिने माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून वही काढून तिच्या हातात दिली.